तळहातावरचे नाणे

एका राज्यात, जिथे डोंगराच्या पोटात चांदी होती आणि डोंगराच्या पायाशी निळा समुद्र होता, दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. राजा न्यायी होता, शूर होता आणि थोडा हट्टी होता. पण हट्ट नसलेला राजा कोणी पाहिला आहे? राणी निवर्तली होती. मागे एकच कन्या होती, तिचे नाव उत्पला. राजा रोज सकाळी तिला समोर बसवून न्याहारी करी. ती अर्धी भाकरी ताटात टाकून उठे, आणि ती अर्धी भाकरी राजा स्वतः खाई. सेवकांनी कितीही ताजी भाकरी पुढे केली तरी त्याला तीच हवी असे.

त्या राज्यात रुप्याची नाणी पडत. तशी नाणी साऱ्या पृथ्वीवर कुठे नव्हती. एका नाण्यावर वाटोळ्या डोळ्यांचे घुबड होते, त्याच्या पाठीशी जैतुनाची डहाळी आणि नखाएवढी चंद्रकोर. दुसऱ्या नाण्यावर सुतोया नावाची जलदेवता होती, एका अंगाने दिसणारी, केसांवर मोत्यांची जाळी ल्यालेली. आणि तिच्या मुखाभोवती चार डॉल्फिन मासे फेर धरून पोहत. तिसऱ्या नाण्यावर पंखांचा घोडा होता. आता घुबड म्हटले की आपल्याकडची माणसे नाक मुरडतात. लक्ष्मी त्याच्याच पाठीवर बसून येते, हे मात्र सोयीने विसरतात.

ही नुसती चित्रे नव्हती. फार पूर्वी त्या राज्याचा मूळपुरुष अनवाणी चालत ह्या तिघांकडे गेला होता आणि त्याने तिघांचे रूप मागून घेतले होते. "रूप घे," तिघे म्हणाले होते, "पण त्यावर शस्त्र चालवू नकोस." मूळपुरुषाने वचन दिले. तेव्हापासून टांकसाळीत एक ठसा ऐरणीत बसवीत, दुसरा हातात धरीत, मध्ये तापलेली चांदीची चकती ठेवीत आणि वरून हातोडा हाणीत. घाव पडला की घुबड डोळे उघडी, मासे पोहू लागत, घोडा पंख झाडी. नाणे हातात घेतले की तळव्याला गुदगुल्या होत. म्हणून त्या राज्यात नाणे कोणी पारखून घेत नसे. एका हातातून ते दुसऱ्या हातात जाई, आणि व्यवहार पुरा होई.

असे सुखाचे दिवस चालले असता तिथे विकुंडल नावाचा जादूगार आला. त्याने बाजारात मीठ घेतले आणि मीठवाल्याला एक नाणे दिले. मीठवाल्याचे गाढव द्वाड होते. त्याने पाय आपटला, नाणे खुराखाली आले आणि त्याचा वरचा पापुद्रा निघाला. वर रुपे होते, आत तांबे. मीठवाल्याने बोंब ठोकली, शिपाई धावले, आणि जादूगाराला राजापुढे उभे केले.

"हे खोटे नाणे तुझे?" राजाने विचारले.

"माझेच, महाराज."

"अशी किती आहेत?"

"एकच होते."

"हे मी कसे मानावे?"

जादूगार हसला. "तोच तर खरा प्रश्न आहे, महाराज. माझ्या गुन्ह्याचा दंड म्हणून दोन वस्तू ठेवून जातो. ही छिन्नी घ्या. हिने कापलेत की आतले दिसेल. आणि ही साळुंकी घ्या. कापायचे विसरलात तर ती आठवण करील."

एवढे बोलून तो दरबाराच्या भिंतीत शिरला आणि पलीकडच्या रस्त्याने चालू लागला. राजाने त्याच वेळी छिन्नी समुद्रात फेकायला हवी होती आणि साळुंकी रानात सोडायला हवी होती. पण माणसाला शहाणपण सुचते ते वरात निघून गेल्यावर.

राजाने खजिन्यातले एक नाणे ऐरणीवर ठेवले आणि त्यावर छिन्नी मारली. घुबडाच्या तोंडावर खोल चीर पडली. आत शुद्ध चांदी होती.

"हे खरं निघालं," पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली. "पण शेजारचं?"

राजाने शेजारचे नाणे कापले. तेही खरे निघाले. मग त्याच्या शेजारचे. राजा बोले आणि दळ हाले. थोड्याच दिवसांत घरोघरी छिन्न्या झाल्या, आणि नाणे देणाऱ्यासमोर ते चिरून पाहणे ही त्या राज्यात रीतच होऊन बसली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे आपण जाणतो. पण इथे लोक पाणीसुद्धा फुंकू लागले. बायका मडके पक्के आहे का हे पाहण्यासाठी ते दगडावर आपटून पाहत, आणि फुटले की म्हणत, पाहा, कच्चेच होते. वीणेच्या पोटात काय वाजते ते पाहायला एका गवयाने वीणा फोडली. नवरदेव आंतरपाट दूर होण्याआधीच फाडून पाहू लागले. उत्पलेच्या कमरेलाही राजाने स्वतः एक छोटी छिन्नी बांधली आणि सांगितले, "कन्ये, कशावरही विश्वास ठेवू नकोस." ती बापाची लाडकी होती. तिनेही पुष्कळ नाणी चिरली.

मग एके दिवशी भर दरबारात, राजाने छिन्नी उगारली असता, ऐरणीवरचे घुबड बोलले.

"राजा, पुरे झाले. आम्ही निघालो. तू आमची तोंडे चिरलीस, म्हणून आजपासून तुला कोणाचे तोंड ओळखू येणार नाही. आमच्या तिघांच्या जखमा जर कोणी भरल्या, आणि आमचे एक नाणे तू न चिरता हाती घेतलेस, तर आम्ही परत येऊ. तोवर राम राम."

साऱ्या राज्यातल्या पेट्या, थैल्या आणि कनवटी एकदम थरथरल्या. लोकांनी उघडून पाहिले तर नाणी गुळगुळीत. टांकसाळीतले ठसेही कोरे झाले होते. राजाने मान वर केली, तर दरबारात बसलेल्या साऱ्या माणसांची तोंडे त्याला झिजलेल्या नाण्यासारखी सपाट दिसली. मुकुट होते, पागोटी होती, त्यांखाली कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पला न्याहारीला येऊन बसली. राजा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"तू कोण?"

"मी उत्पला, महाराज. तुमची कन्या."

"पुरावा?"

उत्पलेने सांगितले, लहानपणी मी अंजिराच्या झाडावरून पडले तेव्हा तुम्ही मला उचलून वैद्याकडे पळालात, आणि तुमची पादत्राणे चिखलात रुतून राहिली. राजा म्हणाला, "हे कोणीही पाठ करील." तिने मनगटावरचा तीळ दाखवला. राजा म्हणाला, "हे कोणीही गोंदवून घेईल." मग त्याने छिन्नी उचलली, तिच्या ताटातली भाकरी चिरली, आत पाहिले आणि ताट दूर सारले. उत्पलेला रडू आले, आणि तिने ते लपवले नाही. जिला बाप ओळखत नाही तिने कोणापासून काय लपवायचे?

त्याच दिवशी तिने ठरवले, तिघांच्या जखमा आपण भरायच्या. वृद्ध प्रधान बहुश्रुत तिला वेशीपर्यंत पोचवायला आला.

"लवकर ये, बाळ," तो म्हणाला. "आज महाराज भाकरी चिरत आहेत. उद्या काय चिरतील, सांगता येत नाही."

राजानेही तिच्यामागे कोणालातरी पाठवले. पिंजरा उघडून तो साळुंकीला म्हणाला, "स्वतःला माझी कन्या म्हणवणारी ती बाई काय करते, त्यावर नजर ठेव." साळुंकी भुर्रकन उडाली आणि उत्पलेच्या खांद्यावर जाऊन बसली. तिला हाकलूनही ती जाईना. शेवटी उत्पलेने तिला राहू दिले.

उघड्या माळावर एक मोठा खडक होता, त्यावर घुबड बसले होते. त्याच्या तोंडावर डोळ्यापासून चोचीपर्यंत चीर होती. माळावर एकही झाडझुडूप नव्हते.

"कोण आहेस?" घुबडाने विचारले.

"दृढवर्मा राजाची कन्या."

"असशील," घुबड म्हणाले. त्याने पुरावा मागितला नाही, आणि त्या एका शब्दाने उत्पलेच्या मनावरचे ओझे हलके झाले. "माझ्या जखमेवर जैतुनाचं ताजं तेल लागतं. झाड तुमच्या छिन्नीखाली गेलं. माझ्याजवळ दोन बिया उरल्या आहेत. एक घे, पेर, तेल काढ."

घुबडाने चोचीतून एक बी तिच्या हातावर टाकली. उत्पलेने ती बोटांत फिरवली. साळुंकी कानाशी म्हणाली, "एवढी जुनी बी. आतून किडकी असली तर? मेहनत वाया जाईल. बघ तर खरं."

उत्पलेने विचारही केला नाही. हात सवयीने कमरेला गेला, छिन्नी निघाली, आणि बी दुभंगली. आत पांढराशुभ्र गर होता.

"चांगली होती?" घुबडाने विचारले.

"चांगली होती."

"आता?"

उत्पलेने दोन्ही अर्धुके पाहिली. तिला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. आपला बाप काय झाला आहे हे तिला दिसत होते. आपण काय झालो आहोत हे तिला त्या क्षणी दिसले.

घुबडाने दुसरी बी दिली. रागावले नाही, उपदेशही केला नाही. घुबडे तशी कमीच बोलतात, म्हणून त्यांना शहाणे म्हणत असावेत. उत्पलेने खडकाच्या कुशीत माती उकरली, बी पेरली, ओंजळीने पाणी घातले आणि शेजारी बसली.

"मोड आला का?" साळुंकी म्हणाली. "जरा उकरून पाहा. हळूच. बोटाने."

उत्पलेची बोटे शिवशिवू लागली. तेव्हा तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ती स्वतःच्या हातांवर बसून राहिली. साळुंकी बडबडत होती. दिवस कलला. उत्पला समोरच्या माळावरून जाणारा शेळ्यांचा कळप पाहू लागली, त्यातले एक करडू भारीच खोडकर होते, आणि पाहता पाहता ती बीला विसरली. मागे वळली तर झाड उभे होते. पाने वरून हिरवी, खालून रुपेरी. फांद्या फळांनी वाकल्या होत्या.

तिने फळे दगडावर ठेचून तेल काढले आणि घुबडाच्या तोंडावर लावले. चीर मिटली. घुबडाने डोळे मिचकावले, झाडाची एक डहाळी मोडून पाठीशी घेतली आणि म्हटले, "समुद्राकडे जा. वाटेच्या शेवटी मी तुझ्या आधी पोचेन."

समुद्रकाठी नाव होती, नावेत नावाडी नव्हता. उत्पला बसली, नाव आपणहून निघाली आणि एका वाळूच्या बेटाला लागली. प्यायचे पाणी वाटेतच संपले होते. उत्पलेची जीभ टाळूला चिकटली होती. बेटावर जलदेवता सुतोया बसली होती. तिच्या गालावर चीर होती, केसांवरची मोत्यांची जाळी तुटली होती, आणि तिच्या पायाशी वाळूत एक डॉल्फिन पडला होता. त्याच्या पाठीवरचा घाव इतका खोल होता की त्याला पोहता येत नव्हते. बाकीचे तिघे दूर पाण्यात उसळ्या घेत होते.

"माझे चार होते," सुतोया म्हणाली. "चौथ्याला तुमच्या छिन्नीने आडवा कापला. तो गेला तर माझा फेर पुरा होणार नाही, आणि मी कुठल्याच नाण्यावर येणार नाही."

"काय केलं म्हणजे तो वाचेल?"

"ह्या खाऱ्या समुद्राच्या तळातून माझा गोड झरा वर येतो. जिथे ते तिघे फेर धरतील तिथे ही घागर बुडव. ते पाणी ह्याच्या घावावर ओत. पण ओतण्याआधी चाखू नकोस. चाखलंस की ते खारं होईल, आणि झरा एका दिवसात दोनदा येत नाही. ह्याच्याकडे दुसरा दिवस नाही."

उत्पला पाण्यात उतरली. तिघांनी फेर धरला. तिने फेराच्या मध्यावर घागर बुडवली. इथले पाणी आणि तिथले पाणी दिसायला एकच होते, निळे.

आता साळुंकीने आवाज मऊ केला. "मला तुझी काळजी नाही, त्या मुक्या जिवाची आहे. आजूबाजूला सगळा समुद्रच. चुकून खारं भरलं असलं आणि तू ते उघड्या घावावर ओतलंस, तर तडफडून मरेल बिचारा. पाप कोणाला? एक थेंब चाख. त्याच्यासाठी."

हे बोलणे उत्पलेला पटले. खरे सांगायचे तर ते कोणालाही पटले असते. शंकेने तोंडावर दयेचा पदर ओढला की ती ओळखू येत नाही. तिने बोट घागरीत बुडवले आणि ओठांपर्यंत आणले. तहानेने घसा जळत होता. समोर मासा तिच्याकडे पाहत होता. त्याचे तोंड जन्मतःच हसरे होते, त्यामुळे त्याच्या वेदना अधिकच पाहवेनात.

तिने बोट पदराला पुसले आणि घागर घावावर रिती केली.

घाव शिंपल्यासारखा मिटला. मासा वाळूत एकदा वळला, दोनदा वळला, आणि शेपटी आपटून पाण्यात गेला. जाता जाता त्याने असे पाणी उडवले की उत्पला नखशिखांत भिजली. तिने ओठ चाटले. पाणी गोड होते.

"आता पी," सुतोया म्हणाली, आणि तिने स्वतःच्या ओंजळीने उत्पलेला पाणी पाजले. तिच्या गालावरची चीर तेव्हाच भरून आली. "पंखांचा घोडा उत्तरेच्या कड्यावर आहे. तो माझ्यासारखं गोड बोलणार नाही."

नाव परत किनाऱ्याला लागली. तिथून उत्पला चालत उत्तरेच्या कड्यावर गेली. घोडा कड्याच्या टोकाला उभा होता. अंगाने पांढरा, एक पंख ताठ, दुसरा मुळाशी कापलेला आणि लोंबणारा. खाली दरी होती आणि तिचा तळ दिसत नव्हता.

"औषध कोणतं?" उत्पलेने विचारले.

"औषध नाही," घोडा म्हणाला. "पंखावर भार आला तर पंख जुळतो. भार पाठीवर बसलेल्याचा लागतो, आणि पायाखाली जमीन चालत नाही."

"म्हणजे उडी घ्यायची."

"घ्यायची."

"पंख जुळेल?"

"माहीत नाही."

उत्पला थांबली. घुबडाने झाड दाखवले होते, सुतोयेने झरा सांगितला होता. हा तर काहीच देत नव्हता.

"तुला भीती वाटते?" तिने विचारले.

"वाटते. पूर्वी वाटत नसे. तुमच्या छिन्नीने पंखाबरोबर तो धीरही कापला," घोडा म्हणाला. "आणि तुझ्या कमरेचं ते लोखंड घेऊन मी उडी घेणार नाही. ते इथे टाक."

साळुंकी आता ओरडूच लागली. "छिन्नी टाकलीस तर पुन्हा मिळणार नाही. आधी पंख ओढून पाहा. एखादा दगड बांधून पाहा. आधी त्याला एकट्याला उडी घ्यायला सांग. अगं, त्यालाच खात्री नाही म्हणतोय, आणि तू—"

उत्पलेने कमरेची गाठ सोडली. ती गाठ बापाने बांधली होती, म्हणून सोडताना तिचा हात जरा अडखळला. मग तिने छिन्नी दरीत टाकली आणि कान देऊन ऐकले. लोखंड तळाशी पडल्याचा आवाज आला नाही.

साळुंकीने चोच उघडली. त्यातून नुसती शीळ निघाली. ती चकित झाली, तिने पुन्हा शीळ घालून पाहिली, तिला ती आवडली असावी, आणि ती समोरच्या झाडीत उडून गेली. त्यानंतर ती माणसासारखी कधी बोलली नाही, आणि तिचे त्यात काही अडले नाही.

उत्पला घोड्याच्या पाठीवर बसली आणि तिने त्याच्या आयाळीत बोटे रुतवली. "मलाही भीती वाटते," ती म्हणाली. घोडा म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." आणि त्याने उडी घेतली.

ते पडले. बराच वेळ पडले. कड्यातली कबुतरे त्यांच्याकडे पाहत होती. मग कुठेतरी मध्येच उत्पलेच्या मांडीखाली लोंबता पंख ताठ झाला, वारा खालून लागू लागला, आणि दरी खाली खाली जाऊ लागली. घोडा वर आला, कड्यावर टेकला आणि त्याने पुढचा खूर खडकावर आपटला. खडकातून रुप्याची एक चकती उसळून उत्पलेच्या हातात पडली. चकतीच्या एका बाजूला घुबड होते, पाठीशी डहाळी, कडेला चंद्रकोर. दुसऱ्या बाजूला सुतोया होती आणि तिच्याभोवती चारही मासे. दोघेही उत्पलेच्या आधी पोचले होते.

"आणि तू?" उत्पलेने विचारले.

"मी तुला पोचवणार आहे," घोडा म्हणाला. "मी मागाहून उमटेन."

इकडे राज्यात प्रधानाला वाटलेली भीती खरी झाली होती. भाकऱ्या चिरून झाल्या, दारे झाली, खांब झाले. आता राजाने फर्मान काढले होते की माणसांची परीक्षा घ्यावी. प्रत्येकाने राजवाड्याच्या चौकात यावे, ऐरणीवर तळहात ठेवावा, आणि छिन्नीने चीर देऊन त्याचे रक्त खरे आहे का हे पाहावे. राजा स्वतः हातोडा घेऊन उभा होता. रांग वेशीपर्यंत गेली होती. सगळ्यांच्या पुढे बहुश्रुत होता. म्हाताऱ्याने तळहात ऐरणीवर ठेवला होता आणि डोळे मिटले होते.

तेवढ्यात घोडा चौकात उतरला. लोक बाजूला झाले. उत्पला खाली उतरली, तिने बहुश्रुताचा हात ऐरणीवरून उचलून त्याच्या छातीशी ठेवला, आणि ती त्याच्या जागी उभी राहिली.

"कोण आहे?" राजाने विचारले. त्याला एक धुळीने भरलेले वस्त्र दिसत होते, आणि वर सपाट तोंड.

"एक नाणे घेऊन आले आहे, महाराज."

"ऐरणीवर ठेव."

"नाही."

त्या राज्यात राजाला नाही म्हणण्याची रीत नव्हती. उत्पलेने उजवा हात पुढे केला. उघड्या तळहातावर नाणे होते.

"ते तुम्ही इथूनच घ्या," ती म्हणाली. "चिरायचे असेल तर इथेच चिरा."

"खाली तुझा हात आहे."

"आहे."

"तू खरी कशावरून? नाणे खरे कशावरून? पुरावा काय?"

"पुरावा नाही, महाराज. होते तेवढे देऊन झाले. छिन्नीही टाकून आले."

राजाने छिन्नी नाण्यावर टेकवली. नाणे त्याला कोरे दिसत होते, हात मात्र दिसत होता. त्याने हातोडा उचलला. उत्पलेने हात मागे घेतला नाही. पण हात दगडाचा नसतो, तो थरथरत होता, आणि ती थरथर नाण्यातून छिन्नीत, छिन्नीतून राजाच्या बोटांत पोचली. राजाने आजवर हजारो नाणी ऐरणीवर कापली होती. ऐरण कधी थरथरली नव्हती.

हातोडा वरच राहिला. शंका त्याला सोडत नव्हती. ती तशीच होती, जशीच्या तशी. पण कोणाचा का असेना, खाली माणसाचा हात होता, आणि तो घाबरलेला होता, आणि तरी पुढे केलेला होता.

राजाने हातोडा खाली ठेवला. छिन्नी ठेवली.

"असू दे," तो म्हणाला. "खरे असेल."

आणि त्याने ते नाणे तिच्या तळहातावरून उचलून आपल्या तळहातावर घेतले.

तळव्याला गुदगुल्या झाल्या. राजा दचकला. त्याने पाहिले तर एक घुबड त्याच्याकडे पाहत होते. मग त्याला मनगटावरचा तीळ दिसला. मग कोपर दिसले, त्यावर वाळलेले मीठ आणि ओरखडे. मग त्याने हळूहळू, भीत भीत मान वर केली.

भर चौकात, साऱ्या प्रजेसमोर, राजाचे ओठ थरथरले.

"किती वाळलीस गं," तो म्हणाला. "न्याहारी केलीस का?"

उत्पलेने मान हलवून नाही म्हटले.

त्या वेळी साऱ्या राज्यातल्या पेट्या आणि थैल्या पुन्हा थरथरल्या. कोरी नाणी भरून आली. चौकातला पांढरा घोडा वाऱ्यात साखर विरावी तसा विरला, आणि लोकांच्या कनवटीला हजार घोड्यांनी पंख झाडले. राजाने मागे वळून आपल्या दरबाऱ्यांची तोंडे पाहिली, एकेकाला नावाने हाक मारली, आणि बहुश्रुताचा तळहात आपल्या डोळ्यांना लावला.

छिन्न्या टांकसाळीच्या भट्टीत गेल्या. त्यांच्या लोखंडाचे नांगराचे फाळ झाले. चिरलेली नाणी वितळवावीत असे काहींचे म्हणणे पडले, पण उत्पलेने ते होऊ दिले नाही. त्यांवरच्या चिरा बुजल्या आणि तिथे वण राहिले, आणि पुढे त्या राज्यात वणाचे नाणे नव्या नवरीच्या ओटीत घालण्याची रीत पडली. नाणे ऐरणीवर किंवा फळीवर ठेवून द्यायचे नाही, तळहातावर ठेवून पुढे करायचे, हीही रीत तेव्हाची. जादूगार विकुंडल पुन्हा कोणाला दिसला नाही. मीठवाल्याच्या गाढवाच्या पाठीवरल्या गोणीत मात्र एके दिवशी एक खरे नाणे सापडले. ते कोणी ठेवले याची त्याने चौकशी केली नाही. त्याने ते घेतले आणि त्याची भाजी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा आणि उत्पला न्याहारीला बसले. तिला भूक फार होती, तरी जुन्या सवयीने तिने अर्धी भाकरी ताटात टाकली आणि ती उठली. राजाने ती उचलली, आत काय आहे हे न पाहता तोंडात घातली, आणि सावकाश चावत राहिला.

जसे त्यांच्या ताटात उरले, तसे ऐकणाऱ्यांच्या ताटात उरो. आणि जो तो आपल्या माणसाचा हात ओळखो. कहाणी इथे टेकली.